किनाऱ्यावरची व्हिनेगरची बाटली

माझ्या ओळखीच्या एक बाई तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात. गेल्या मे महिन्यात त्या, त्यांचे यजमान आणि दोन मुले थायलंडमधल्या को समुई बेटावर चार दिवसांसाठी जाणार होती. परदेश पहिलाच आणि बेटही पहिलेच. निघण्यापूर्वी त्यांनी कोठून तरी मिळालेला सूचनांचा एक कागद माझ्याकडे पाठवला आणि फोनवर म्हणाल्या, ''सर, यातलं खरं किती आणि उगाच किती, तेवढं सांगा.''

कागद चांगला होता. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलेच प्यावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून अंगभर कपडे घालावेत. भर दुपारच्या उन्हात वाळूवर बसू नये. प्रवाळावर पाय देऊ नये. लाल निशाण लावलेले असेल तर समुद्रात उतरू नये. शेवटून दुसरी सूचना अशी होती : जेलीफिशचा दंश झाल्यास चोळू नये, गोडे पाणी लावू नये, व्हिनेगर ओतावे.

यातले 'व्हिनेगर ओतावे' हे शब्द मी लाल पेनने खोडले.

मी ते बेफिकिरीने खोडले नव्हते. बी.एस्सी.च्या वर्गात आम्ही हायड्रा पाहिला होता. स्लाइडवर जिवंत हायड्रा ठेवायचा, वरच्या पातळ काचेच्या कडेने सौम्य ॲसेटिक आम्लाचा एक थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. क्षणार्धात शुंडकांवरच्या दंशपेशींतून बारीक धागे बाहेर फेकलेले दिसतात. वाचकांपैकी अनेकांनी हे प्रात्यक्षिक केले असेल, काहींनी वर्गाला दाखवलेही असेल. व्हिनेगर म्हणजे चार ते सहा टक्के ॲसेटिक आम्ल. ज्या आम्लाने दंशपेशी फुटतात तेच दंशावर ओतायचे? मग उरलेल्या दंशपेशीही फुटणार! माझा तर्क मला अगदी बिनतोड वाटला.

तो चुकीचा होता. सुदैवाने रात्री मनाला रुखरुख लागली, दोन संध्याकाळी वाचनात गेल्या आणि बाईंचे विमान सुटण्याआधी माझा फोन त्यांना पोचला. त्या दोन संध्याकाळी जे हाती लागले ते इथे सांगतो.

आधी दंशपेशीविषयी थोडेसे. तिच्या आत एक सूक्ष्म कुपी असते आणि कुपीत उलटा वळवून गुंडाळलेला पोकळ धागा. कुपीतला दाब सुमारे १५० वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातील दाबाच्या साठ-सत्तर पट असतो. हायड्रावर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत असे दिसले, की धाग्याचे टोक बाहेर पडायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. या स्फोटासाठी प्राण्याच्या मेंदूची आज्ञा लागत नाही (जेलीफिशला तसा मेंदू नसतोच). स्पर्श आणि त्वचेवरची रसायने एवढी चाहूल पुरते. म्हणूनच वाळूवर मरून पडलेली जेलीफिशही डंख मारते आणि तुटून अंगाला चिकटलेले शुंडकही. मोठ्या जेलीफिशचे शुंडक अंगाला लपेटले गेले, तरी त्यावरच्या सगळ्या दंशपेशी एकदम फुटत नाहीत. पुष्कळशा तशाच भरलेल्या राहतात. दंश झालेल्या माणसाजवळ पहिला पोचलेला माणूस काय करतो, यावर त्या उरलेल्या दंशपेशींचे पुढे काय होणार ते ठरते. तो घाबरून चोळतो का, नळाचे पाणी ओततो का, की आणखी काही?

आता ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर जाऊ, कारण व्हिनेगरची सूचना जन्मली तिथे. क्वीन्सलँडच्या उत्तर भागात समुद्रात पोहणारी धडधाकट माणसे, विशेषतः मुले, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात किंचाळून कोसळत आणि काही मिनिटांत मरत. अंगावर चाबकाचे फटके मारल्यासारखे वळ उठलेले असत. अशा मृत्यूंच्या नोंदी १८८३ पासून सापडतात. दोष दिला जाई तो 'पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर' या निळ्या, तरंगत्या प्राण्याला, कारण तो डोळ्यांना दिसे. खरा मारेकरी पारदर्शक होता, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा संशय जाईना.

२० जानेवारी १९५५ रोजी हिंचिनब्रुक बेटासमोरच्या कार्डवेल या गावी पाच वर्षांचा एक मुलगा असाच गेला. केर्न्स शहरात ह्यूगो फ्लेकर नावाचे क्ष-किरणतज्ज्ञ राहत. व्यवसाय क्ष-किरणांचा, पण वेड निसर्गाचे. त्या भागातली विषारी झाडे आणि प्राणी यांच्या नोंदी ठेवण्याचा त्यांना छंद होता आणि १९३२ साली त्यांनी निसर्गप्रेमींचे एक मंडळही काढले होते. फ्लेकरनी पोलिसांकरवी मुलगा जिथे पडला त्याच पाण्यात जाळी टाकून घेतली. जाळ्यांत तीन प्रकारच्या जेलीफिश आल्या. त्यांपैकी एक कोणालाच ओळखता येईना. घंटेचा आकार चौकोनी पेटीसारखा आणि चारही कोपऱ्यांतून शुंडकांचे झुबके लोंबणारे. फ्लेकरनी ती ॲडलेड येथील डॉ. रोनाल्ड साउथकॉट यांच्याकडे पाठवली. साउथकॉटनी ती नवी जात, एवढेच नव्हे तर नवी प्रजाती म्हणून वर्णिली आणि नाव दिले 'कायरोनेक्स फ्लेकेरी'. ग्रीकमधला 'हात' आणि लॅटिनमधला 'मृत्यू' यांची ही सांगड, पुढे फ्लेकरांचे नाव. पेटीचा प्रत्येक कोपरा म्हणजे मारणारा हात, असा अर्थ.

पूर्ण वाढलेल्या कायरोनेक्सची पेटी माणसाच्या डोक्याएवढी होते. प्रत्येक कोपऱ्यावर पंधरापर्यंत शुंडके आणि ताणली की त्यांची लांबी तीन मीटरपर्यंत. डोळे चोवीस. प्रवाहाबरोबर वाहत जाण्यापेक्षा ती पोहत जाते. दंश मोठा असेल तर हृदय दोन ते पाच मिनिटांत थांबू शकते. रुग्णवाहिका सहसा इतक्या लवकर येत नाही, म्हणून जे काही करायचे ते वाळूवरच करावे लागते.

फ्लेकरांनी आणखी एक कोडे मागे ठेवले होते. त्याच किनाऱ्यावर काहींना पाण्यात असताना जरासे काहीतरी टोचल्यासारखे होई, त्वचेवर खूण जेमतेम दिसे. अर्ध्या तासाने मात्र पाठीत असह्य कळा येत, पेटके, ओकाऱ्या, घामाच्या धारा सुरू होत, रक्तदाब वाढे आणि 'आता मी मरणार' अशी खात्रीच रोग्याला वाटू लागे. १९५२ साली फ्लेकरांनी या लक्षणसमूहाला 'इरुकांजी' हे नाव दिले. केर्न्सच्या उत्तरेच्या किनारपट्टीवर ज्या आदिवासी लोकांचा पूर्वापार वास होता त्यांचे हे नाव. रोगाला नाव मिळाले, पण तो कोणामुळे होतो हे ठाऊक नव्हते. फ्लेकर १९५७ साली वारले.

कोडे सोडवले ते केर्न्सचेच एक डॉक्टर जॅक बार्न्स यांनी. इतक्या लोकांना डंख होतो आणि काहीच दिसत नाही, त्या अर्थी प्राणी फार लहान असला पाहिजे, असे त्यांचे अनुमान होते. ते उथळ पाण्यात तळाशी तासन्‌तास पडून राहून डोळ्यांसमोरून काय वाहते ते पाहत. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये त्यांना सुमारे एक सेंटिमीटर घंटेची, चार शुंडकांची एक पेटीजेलीफिश सापडली. हीच का ती? बार्न्सनी तिचा डंख स्वतःला करून घेतला, किनाऱ्यावरच्या एका जीवरक्षकाला केला आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलालाही. अर्ध्या तासाच्या आसपास तिघांनाही ती सारी लक्षणे सुरू झाली आणि तिघांनाही रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने तिघेही बरे झाले. १९६४ साली बार्न्सनी हे सारे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि १९६७ साली साउथकॉटनी त्या प्राण्याला 'कारुकिया बार्नेसाय' हे नाव दिले.

ही गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकांत मोठ्या कौतुकाने सांगतात. मला ती कौतुकाने सांगता येत नाही. स्वतःवर प्रयोग करणारे वैज्ञानिक बरेच होऊन गेले, पण नऊ वर्षांच्या मुलाची संमती ही संमती नव्हे. पुढे २००२ साली ग्रेट बॅरियर रीफच्या परिसरात इरुकांजीने दोन पर्यटकांचे मृत्यू झाल्याची नोंद झाली. बार्न्सनी केवढा धोका पत्करला होता, ते तेव्हा कळले. वर्गात ही गोष्ट सांगणाऱ्यांनी हा भाग गाळू नये.

बार्न्सचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. कायरोनेक्सचे शुद्ध विष मिळवणे अवघड होते, कारण शुंडक कुटले की विषात सगळा लगदा मिसळतो. बार्न्सनी बाळंतपणात मिळणारे गर्भाभोवतीचे पातळ आवरण ताणून धरले, त्याच्या एका बाजूला जिवंत शुंडक टेकवले आणि विजेचा सौम्य झटका दिला. दंशपेशी फुटून धागे आवरणातून आरपार गेले आणि पलीकडच्या बाजूला निव्वळ विष जमा झाले. अशा विषामुळे पुढचे संशोधन सोपे झाले. १९७० साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी लस-प्रयोगशाळेने मेंढ्यांपासून तयार केलेले प्रतिविष उपलब्ध केले.

पण प्रतिविष असते दवाखान्यात. वाळूवर काय करायचे? त्या काळी सांगत असत, मिथिलेटेड स्पिरिट ओता. हाही सल्ला सहज पटण्याजोगा होता. अल्कोहोल पेशींतले पाणी ओढून घेते, प्रयोगशाळेत नमुने टिकवायला आपण तेच वापरतो. त्याने दंशपेशीही निकामी व्हायला हव्यात. जवळजवळ दोन दशके जाणती माणसे हा सल्ला देत राहिली आणि घाबरलेले आईबाप आपल्या मुलांच्या पायांवर स्पिरिट ओतत राहिले.

१९८० साली हार्टविक, कॅलानन आणि विल्यमसन यांनी एक साधी गोष्ट केली. कायरोनेक्सच्या शुंडकाचे तुकडे घेऊन त्यांवर निरनिराळे द्रव टाकले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्पिरिट पडताच दंशपेशी धडाधड फुटल्या! ज्या विषाला आवरायचे तेच स्पिरिट बाहेर काढत होते. व्हिनेगर टाकले तर काहीच झाले नाही. अर्ध्या मिनिटानंतर त्या दंशपेशी कायमच्या मुक्या झाल्या, मग त्यांना कसेही डिवचले तरी फुटेनात. प्रयोगाला लागले काय, तर सूक्ष्मदर्शक आणि स्वयंपाकघरातली एक बाटली. एवढा प्रयोग व्हायला इतकी वर्षे का जावी लागली? मला वाटते, स्पिरिटमागचा तर्क इतका सरळ होता, की तपासून पाहावे असे कोणाला वाटलेच नाही. माझ्या लाल पेनचेही तसेच झाले होते.

त्यानंतर उत्तर क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर खांब आणि त्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या दिसू लागल्या. दुसराही एक उपाय तिथल्या जीवरक्षकांनी शोधला होता. दणकट, दाढीवाले गडी बायकांचे नायलॉनचे पायमोजे कमरेपर्यंत चढवून पाण्यात उतरत. पातळ कापडाने दंशपेशी आणि त्वचा यांच्यात पडदा येतो, एवढे पुरते. आजचे अंगभर तंग पोहण्याचे कपडे हा त्याचाच सुधारलेला अवतार. पोहण्याच्या जागेभोवती जाळीही लावतात. तिने कायरोनेक्स अडते, पण एका सेंटिमीटरची इरुकांजी जाळीतून सहज आत येते.

आता हायड्राकडे परत जायला हवे, कारण माझे प्रात्यक्षिक खोटे नव्हते. हायड्राच्या दंशपेशी ॲसेटिक आम्लाने फुटतात आणि कायरोनेक्सच्या त्याच आम्लाने मुक्या होतात. दोन्ही एकाच निडारिया संघातले, पण त्यांची कुळे फार फार पूर्वी वेगळी झाली आहेत. एका प्राण्यावर पाहिलेले दुसऱ्याला लावणे, ही माझी चूक होती. हीच चूक उलट दिशेनेही होते. आपल्याकडे पावसाळ्यात जुहूला आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर निळे फुगे वाहून येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत त्यांनी बऱ्याच लोकांना हिसका दाखवला होता. हा तोच पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर किंवा 'ब्लूबॉटल'. तो खरे तर जेलीफिशही नव्हे, अनेक घटक-जीवांची एक वसाहत आहे. त्याच्या दंशावर ऑस्ट्रेलियात व्हिनेगर वापरू नका असे सांगतात. तिथे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला ४५ अंश सेल्सियसच्या गरम पाण्याचा, दुसऱ्याला बर्फाच्या पिशवीचा उपचार केला. गरम पाण्याच्या गटातील ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, बर्फाच्या गटातील ३३ टक्क्यांच्या. मात्र ब्लूबॉटलवरही व्हिनेगर चालते, असा दावा करणारे संशोधन २०१७ मध्ये हवाईतून प्रसिद्ध झाले. वाद मिटलेला नाही.

कायरोनेक्सबाबतही सगळे निवांत नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्याच काही संशोधकांनी प्रयोगशाळेत असे दाखवले, की आधीच फुटलेल्या दंशपेशींवर व्हिनेगर टाकले, तर त्यांतले उरलेसुरले विष अधिक बाहेर येते. न फुटलेल्या मुक्या होतात, फुटलेल्या रित्या होतात. मग फायदा जास्त की तोटा? तो प्रयोग जिवंत माणसाच्या त्वचेवर केलेला नव्हता. त्यामुळे पेटीजेलीफिशसाठी व्हिनेगरचा सल्ला आजही कायम आहे. एके काळी दंशावर सर्पदंशासारखी घट्ट पट्टी बांधायला सांगत. ती सूचना मात्र मागे घेतली गेली.

थायलंडच्या बेटांवरही पेटीजेलीफिशने माणसे, त्यांत परदेशी मुलेही, दगावली आहेत. को समुई आणि शेजारच्या को फांगानच्या किनाऱ्यांवर आता व्हिनेगरचे खांब आहेत. तिथली जुनी माणसे जेलीफिशच्या दंशावर एका वेलीचा पाला लावतात. ती वेल आपल्याही ओळखीची आहे. कोकणातल्या वाळूवर भरतीच्या रेषेशी पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादावेल ती हीच. थाई संशोधकाने १९७० साली तिच्या अर्काचा अभ्यास 'नेचर' साप्ताहिकात प्रसिद्ध केला आणि त्वचेच्या दाहावर त्याचा गुण दिसतो. पण पेटीजेलीफिशने हृदय थांबत असताना पाल्यावर विसंबता येणार नाही आणि पाला घासला तर चिकटलेल्या दंशपेशी फुटायच्या.

आणि काळवेळ? हवाईतल्या वायकिकीच्या किनाऱ्यावर दुसऱ्या एका जातीची पेटीजेलीफिश पौर्णिमेनंतर साधारण आठ ते दहा दिवसांनी थव्याने येते. आपल्या पंचांगाच्या भाषेत कृष्ण अष्टमी ते दशमी. क्वीन्सलँडमध्ये धोक्याचा काळ नोव्हेंबर ते मे असा धरतात. कायरोनेक्सचे बालरूप खाडीच्या वरच्या भागात दगडांच्या खालच्या बाजूला चिकटून वाढते, हे हार्टविकनीच १९९१ साली प्रसिद्ध केले. तिथून लहानगी जेलीफिश पावसाळ्याच्या सुमारास समुद्राकडे येते. एका ठिकाणचे हे वेळापत्रक दुसऱ्या बेटाला लावू नये. तिथल्या कोळ्यांना आणि जीवरक्षकांना विचारावे.

बाईंना फोनवर मी सांगितले ते असे. जेलीफिशपेक्षा बुडून मरणारी माणसे कितीतरी जास्त, तेव्हा लाल निशाणाची सूचना पहिल्या क्रमांकावर न्या. मुलांना पाण्यात उतरवताना अंगभर कपडे घाला. किनाऱ्यावर पोचल्याबरोबर व्हिनेगरचा खांब आणि जीवरक्षक कुठे आहेत ते पाहून ठेवा. दंश झालाच तर माणसाला आधी पाण्याबाहेर काढा आणि कोणाला तरी मदतीसाठी पिटाळा. श्वास थांबला असेल, तर बाकी सगळे सोडून छातीवर दाब द्यायला लागा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. श्वास चालू असेल, तर अर्धा मिनिट व्हिनेगर ओता आणि मगच शुंडके काढा. वाळूने घासू नका, नळाचे पाणी नको, स्पिरिट नको. गोड्या पाण्याने दंशपेशीचे काय होते ते तुम्हीच मुलांना बेदाणा भिजवून शिकवता. हो, आणि व्हिनेगर म्हणजे वाण्याकडचे. तुमच्या प्रयोगशाळेतल्या तीव्र आम्लाची बाटली बॅगेत टाकू नका!

बाई हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, ''पण सर, हायड्राच्या प्रात्यक्षिकात मी मुलांना दरवर्षी ॲसेटिक आम्लच टाकून दाखवते.''

''मलाही तेच दाखवलं होतं.''

चारही जण सुखरूप परत आले. बाईंनी खांबाचा फोटो पाठवला. बाटली अर्धी भरलेली होती, खाली थाई आणि इंग्रजीत सूचना आणि मागे वाळूवर मर्यादावेल. यंदाच्या हिवाळ्यात गावच्या तळ्यातून हायड्रा आणून त्या तीन स्लाइडी करणार आहेत : एकीवर व्हिनेगर, दुसरीवर स्पिरिट, तिसरीवर नुसते तळ्याचे पाणी. थेंब टाकण्याआधी काय होईल ते मुलांनी वहीत लिहून ठेवायचे आहे. व्हिनेगरच्या स्लाइडनंतर त्या खांबाचा फोटो फळ्यावर लावणार आहेत.